विद्युत् पुरवठ्याची पुनःस्थापना, आपत्तीनंतरची

भूकंप, चक्रीवादळ, महापूर इ. नैसर्गिक आपत्तींमुळे खंडित झालेला विद्युत् पुरवठा क्रमाक्रमाने पूर्ववत करण्याच्या प्रक्रियेस पुनःस्थापना म्हणतात.

नुकसानीचे स्वरूप आपत्तीनुसार बदलते. वादळात मुख्यतः वितरण जालातील खांब व तारा कोसळतात. भूकंपात उपकेंद्रांतील चिनी मातीचे निरोधक तडकतात आणि रोहित्रे बैठकीवरून सरकतात. पुरात नियंत्रण फलक पाण्याखाली जातात. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य खांब पाडले, तर ऑगस्ट २०१९ मधील महापुरात सांगली व कोल्हापूर भागांतील उपकेंद्रे पाण्याने वेढली गेली.

संपूर्ण जाल बंद पडल्यास प्रथम बाहेरील विजेविना सुरू होऊ शकणारे केंद्र चालू करतात. औष्णिक केंद्रातील पंप, पंखे व कोळसा दळणारी यंत्रे यांना आधी बरीच वीज लागते. जलविद्युत् केंद्रास ती अत्यल्प लागत असल्याने या कामी ते सोयीचे ठरते. त्याच्या विजेवर इतर केंद्रे सुरू करून, ५० हर्ट्‌झ कंप्रता सांभाळीत, भार थोडाथोडा जोडतात. दीर्घ खंडानंतर पंप, शीतकपाटे इ. साधने एकदम चालू होऊन भार नेहमीपेक्षा वाढतो. म्हणून सर्व विभाग एकाच वेळी जोडीत नाहीत.

वितरण जालात आधी उच्च दाबाच्या वाहिन्या व उपकेंद्रे आणि नंतर गावांतील लघुदाब तारा दुरुस्त करतात. रुग्णालये व पाणीपुरवठा योजना यांना अग्रक्रम असतो. भिजलेली साधने वाळवून व त्यांचा निरोधक रोध मोजूनच विद्युत् भारित करतात.

दुरुस्तीत सर्वांत मोठा धोका उलट्या प्रवाहाचा असतो. एखाद्या घरातील जनित्र मुख्य स्विच बंद न करता जोडल्यास त्याची २३० व्होल्टची वीज रोहित्रातून उलट जाते आणि बंद समजल्या जाणाऱ्या वाहिनीत सु. ११,००० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो. त्यामुळे तारमार्गावर काम करणारा कर्मचारी प्राणास मुकू शकतो. यासाठी वाहिनी बंद करून, तीत दाब नसल्याची खात्री करून व कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस ती भूसंपर्कित करूनच कामास आरंभ करतात. पुरवठ्यास विलंब लागला, तरी ही दक्षता टाळता येत नाही. नागरिकांनीही पडलेली तार विद्युत् भारित आहे असेच समजून तिच्यापासून दूर राहणे आवश्यक असते.