लाइन मिळेपर्यंत

मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की स्वच्छ हवेत मुंबईच्या इमारती दिसतात. त्या मुंबईत 1882 साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. तरीही अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या कितीतरी माणसांनी या शहराशी चार शब्द बोलण्यासाठी पुढे अनेक वर्षं अख्खी दुपार पोस्टाच्या बाकावर काढली. घरातला कर्ता मुलगा मुंबईत चाकरमानी आणि मासळीचा भाव ठरणार भाऊच्या धक्क्यावर. अशा किनाऱ्यावर फोन ही चैन नव्हती. त्या काळापासून आजपर्यंतच्या उशिराचा हिशेब मांडला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. उशीर अंतरामुळे होत नाही, लाइन किती काठोकाठ भरून चालवली यावर तो ठरतो.

ट्रंक कॉल आधी बुक करावा लागे. ऑपरेटर चिठ्ठीवर नंबर आणि वेळ टिपायचा, लाइन मोकळी झाली की दोरीची पिन खोचायचा आणि पलीकडच्या एक्स्चेंजला हाक मारायचा. तीन मिनिटं झाली की मध्येच विचारणा व्हायची, वाढवायचा का?

आता हिशेब पाहा. एकच लाइन आहे आणि जोडणी धरून एका कॉलला सरासरी 4 मिनिटं लागतात, म्हणजे तासाला 15 कॉल होऊ शकतात. चिठ्ठ्या केव्हाही येतात, कुणी थोडं बोलतं, कुणी जास्त. तासाला 10 चिठ्ठ्या आल्या तर सरासरी 8 मिनिटं थांबावं लागतं. 12 आल्या तर 16 मिनिटं. आणि 14 आल्या तर 56! दहाच्या चौदा झाल्या, पण थांबणं सातपट झालं. लाइन तीच, ऑपरेटर तोच, त्याच्या कामात कसूर नाही. बाकावर ताटकळणाऱ्याला मात्र वाटायचं की आपली चिठ्ठी मुद्दाम मागे ठेवली. त्या काळी ऑपरेटरांच्या वाट्याला आलेला बराचसा राग खरं तर या आकड्यांवर निघायला हवा होता.

हे गणित प्रथम मांडलं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग यांनी. त्यांचा पहिला निबंध 1909 सालचा, आणि ज्या सूत्रांवर जगभरची एक्स्चेंजेस उभी राहिली ती 1917 सालची. टेलिफोनच्या वाहतुकीचं माप आजही त्यांच्याच नावाने, ‘अर्लांग’ म्हणून मोजतात.

घाई असणाऱ्यांसाठी ‘अर्जंट’ होता, दुप्पट दराचा. त्याच्याही वर ‘लायटनिंग’, त्याला आठपट पैसे. घरात कुणी अत्यवस्थ असलं की लोक उसने पैसे घेऊन लायटनिंग लावत. पण रांगेचा नियम कठोर आहे. लाइन वाढवली नाही तर एकाची वाचलेली मिनिटं मागच्या साध्या चिठ्ठीवाल्यांच्या खात्यात जमा होतात. एकूण थांबणं कमी होत नाही, फक्त त्याची वाटणी बदलते.

मग ऑपरेटरशिवाय थेट नंबर फिरवण्याची सोय, म्हणजे एसटीडी आली. देशात पहिली कानपूर-लखनौ, 1960 साली. आपल्या किनाऱ्यावर ती पोहोचायला बराच काळ गेला, पण 02141 फिरवून अलिबाग थेट लागू लागलं तेव्हाचा आनंद ज्यांनी अनुभवला त्यांना तो वेगळा सांगायला नको. या बदलात एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात आली नाही. ट्रंकच्या पद्धतीत लाइन नसेल तर थांबवत, एसटीडीत लाइन नसेल तर परत पाठवू लागले. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ ही ध्वनिफीत म्हणजे रांग मोडल्याची घोषणा होती. एरलांगची यासाठी दोन वेगळी सूत्रं आहेत, एक थांबणाऱ्यांसाठी आणि एक परत जाणाऱ्यांसाठी. दुसऱ्या सूत्रात असं गृहीत धरलंय की लाइन मिळाली नाही तर माणूस निघून जातो. गणपतीच्या आदल्या रात्री बूथवर उभा असलेला माणूस निघून जात नाही. तो पुन्हा फिरवतो, शेजारचाही फिरवतो, आणि त्या फिरवण्यानेच मार्ग आणखी तुंबतो.

इंटरनेटने रांग परत आणली. संदेशाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाटेतल्या यंत्रात जागा मिळेपर्यंत थांबवायचा आणि मग पुढे ढकलायचा. अशा जाळ्यात किती उशीर होईल याचं गणित लेनर्ड क्लाइनरॉक यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत मांडलं. 1986 साली कॅलिफोर्नियात बर्कलेचं विद्यापीठ आणि जेमतेम चारशे यार्डांवरची प्रयोगशाळा यांच्यात हे जाळं एवढं तुंबलं की सेकंदाला 32,000 बिटांचा वेग 40 बिटांवर आला. हाकेच्या अंतरावर! कारण तेच. पोहोचला नाही म्हणून प्रत्येक संगणक तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत होता. व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली उपाय प्रसिद्ध केला: तुकडा हरवला की घाई करू नका, वेग कमी करा. आज आपल्या खिशातला प्रत्येक फोन या शिस्तीने चालतो.

आपण माणसं मात्र ती शिस्त शिकलो नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि पाठोपाठ टॉवर मुके झाले. नेमक्या त्याच वेळी लॉकडाऊनमध्ये अडकलेली मुंबई गावाकडे पुन्हा पुन्हा फोन लावत होती. जिथे एखादा टॉवर जिवंत होता तिथे तासाला पंधराची ताकद पाचावर आणि मागणी शंभरावर, असा प्रकार. तेव्हा सरासरी थांबण्याचं सूत्र लागूच पडत नाही, रांग वाढतच जाते. कित्येक घरांना आईवडील सुखरूप आहेत की नाही हे कळायला दिवस लागले. ती काळजी आजही इथल्या माणसांच्या बोलण्यातून जात नाही.

म्हणून मला वाटतं, या किनाऱ्यावर मोबाइलची क्षमता सरासरी दिवसावर बेतणं चूक आहे. ती गणपतीच्या रात्रीवर आणि वादळाच्या दुपारवर बेतायला हवी. टॉवरला वीज गेल्यावरही पुरेल एवढी बॅटरी आणि डिझेल हवं, आणि एका कंपनीचा टॉवर पडला तर दुसरीच्या टॉवरवरून बोलण्याची सोय आपोआप सुरू व्हायला हवी. हे जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात नावनिशीवार, तालुक्यागणिक लिहिलेलं असावं, आणि ग्रामसभेत ते मागण्याचा हक्क आपला आहे.

आणि मुंबई-पुण्यात बसून गावाकडे फोन लावणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वादळात फोन लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावू नका. दोन ओळींचा एसएमएस पाठवा. कॉलला जागा नसेल तर तो तिथेच मरतो. एसएमएस मात्र केंद्रात थांबून राहतो आणि गावात रेंज आली की पोहोचतो.