संसाराचा पुरावा

मंगलाष्टके झाली, सप्तपदी झाली, म्हणजे विवाह पूर्ण झाला, अशी आपली समजूत आहे. परंतु जावई ऑस्ट्रेलियात कायमचा स्थायिक असेल आणि मुलीस त्याच्याकडे जावयाचे असेल, तर 'लग्न लागले काय?' एवढे विचारून तेथील सरकार थांबत नाही. 'संसार चालू आहे काय?' असेही ते विचारते.

तेथील १९५८ च्या स्थलांतर कायद्यात पतिपत्नीची व्याख्या आहे. विवाह कायदेशीर हवा. उभयतांची सहजीवनाची बांधिलकी हवी व तीत तिसऱ्यास जागा नसावी. संबंध खरा व चालू हवा. आणि दोघे एकत्र, निदान कायमची विभक्त नसलेली अशी हवीत. म्हणून लग्नानंतर पंधरा दिवसांत जावई नोकरीवर परतला, तरी तेवढ्याने काही बिघडत नाही.

पुरावा चार अंगांनी तपासतात: पैशाचे व्यवहार, घराची व्यवस्था, समाजातील वावर आणि परस्परांविषयीची निष्ठा. विवाहनोंदणीचा दाखला लागतोच. परंतु लग्नाची शंभर छायाचित्रे एकाच दिवसाची साक्ष देतात. त्यापेक्षा घरखर्चास पाठविलेले पैसे, भेटीसाठी केलेले प्रवास, नित्याचे फोन व पत्रव्यवहार, दोन्ही घरच्या माणसांची निवेदने ह्यांचे वजन अधिक.

मुलगी येथूनच अर्ज करीत असेल, तर व्हिसे दोन: क्रमांक ३०९ चा तात्पुरता आणि १०० चा कायमचा. अर्ज एकच व शुल्कही एकदाच; मात्र जुलै २०२४ पासून ते नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेले आहे. अर्जाच्या तारखेपासून साधारण दोन वर्षांनी संसार पुन्हा तपासून कायमच्या व्हिसाचा विचार होतो. अर्जाच्या वेळीच संसारास तीन वर्षे झाली असतील, किंवा मूल असून दोन झाली असतील, तर ही प्रतीक्षा टळू शकते.

ह्या मधल्या काळाविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. पती हा प्रायोजक असतो. त्यामुळे 'ऐकले नाहीस तर परत पाठवीन' अशी धमकी एखादीस ऐकावी लागते, आणि ती बिचारी सारे सोसते. परंतु व्हिसा देणे वा रद्द करणे पतीच्या हाती नाही. ते सरकारच्या हाती आहे. पती पाठिंबा काढून घेऊ शकतो, हे खरे. तथापि मुलगी त्या देशात पोहोचल्यानंतर घरातील छळामुळे संसार मोडला, किंवा पतीचे निधन झाले, तरीही कायमच्या व्हिसाची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. छळ मात्र पुराव्याने दाखवावा लागतो.

म्हणून निघण्यापूर्वी पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि संपूर्ण अर्ज ह्यांच्या प्रती मुलीने स्वतःजवळ ठेवाव्यात; एक संच माहेरी असावा. अर्ज जावयाने भरला, तरी तिने तो वाचून समजून घ्यावा. कन्यादानात आपण मुलगी 'दिली' असे म्हणतो. त्या कायद्याच्या लेखी मात्र ती स्वतः अर्जदार आहे. निरोप देताना एवढे तिला आवर्जून सांगावे.