भांडखोर की भाषेत अडलेले मूल?

विकासात्मक भाषाविकार असलेल्या मुलाला ऐकू नीट येते, बुद्धीतही ठळक उणीव नसते. तरी ऐकलेले वाक्य समजणे आणि मनातले वाक्य जुळवणे त्याला जड जाते. इंग्लंडमधील सरी परगण्यात शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांची पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हे प्रमाण सुमारे साडेसात टक्के, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन, आढळले. विकार इतका सर्रास असूनही त्याचे नाव फारसे कोणाला माहीत नाही. त्यामुळे हे मूल हट्टी, मारकुटे किंवा घुमे ठरते.

मूल स्वभावानेच भांडखोर आहे, हा यातला सर्वांत घातक गैरसमज. पकडापकडीत राज्य कोणावर, टाइमप्लीज कोणी घेतली, नियम मध्येच कोणी बदलला, हे क्षणात कळावे लागते. ज्याला ते कळत नाही, त्याला सगळे विनाकारण उलटल्यासारखे वाटतात. 'मी आउट नाही' हे पटवायला शब्द वेळेवर येत नाहीत आणि हात उठतो. दुसरे एखादे मूल याच अडचणीमुळे खेळायलाच जात नाही, कडेला उभे राहते. रागाला आवर घालायलाही भाषा लागते. चिडणे, हिरमुसणे, ओशाळणे यांना वेगवेगळे शब्द सापडले नाहीत, तर सगळ्या भावना रडण्यात किंवा मारण्यात उतरतात.

अशा मुलांना माया कमी असते, हेही खोटे. मँचेस्टरमधील दीर्घ अभ्यासात त्यांच्या वाट्याला चिडवणे आणि चिंता-नैराश्याची लक्षणे इतरांहून अधिक आली. दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती मात्र टिकून राहिली.

कुरुळीसारख्या चाकण पट्ट्यातील गावांत कारखान्यांमुळे मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे राहतात. घरी हिंदी किंवा भोजपुरी आणि शाळेत मराठी, म्हणून मुलाचा गोंधळ होतो, असे तिथे सहज म्हटले जाईल. दोन भाषांमुळे भाषाविकार होत नाही. विकार असेल तर अडचण घरच्या भाषेतही दिसते. फक्त मराठीत दिसली, तर मुलाला सरावासाठी वेळ हवा. घरची भाषा बंद करणे तर अन्यायच, कारण मुलाची समजूत त्याच भाषेत काढली जाते.

जिभेला वेखंड लावल्याने भाषा येत नाही. 'बापही उशिरा बोलला होता' म्हणून थांबणेही धोक्याचे, कारण भाषेच्या अडचणी घराण्यात चालत येऊ शकतात. उशिरा बोलणारी काही मुले इतरांना गाठतात, हे खरे. पण पाचव्या वर्षानंतर टिकलेली अडचण सहसा आपोआप जात नाही.

स्पीच थेरपीइतकेच वर्गातले वागणे महत्त्वाचे: लहान वाक्ये, उत्तराला पुरेसा वेळ, दोघातिघांचे खेळ आणि भावना आली त्या क्षणी तिला शब्द देणे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून भाषाविकासातील विलंबाचीही तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा. विलंब आढळलेल्या मुलाला पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तपासणीचे पथक येईल तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी मुलाच्या बोलण्यासोबत त्याची भांडणे आणि त्याचे एकटे बसणेही डॉक्टरांना सांगावे.