इटलीची शीळ आणि 'शोले'चा माउथ ऑर्गन

मागचे काही भाग आपण जुन्या हिंदी गाण्यांवर बोललो. आज गाणं नाही. आज सिनेमातलं गाण्याशिवायचं संगीत, आणि तेही 1960-70 च्या इटलीचं. नोएडात राहणारा निवृत्त मराठी फौजी या नादाला कसा लागला, हे आमच्या घरातही कुणाला समजलेलं नाही. तर आधी ते सांगतो.

मी खडकवासल्याला एनडीएत होतो, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. तिथे 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' पाहिला. गोष्ट अर्धीच कळली. दुसऱ्या दिवशी पहाटे पीटीच्या आधी आमच्या न्हाणीघरात पाच-सहा जण तीच धून शिटीवर काढत होते, कोल्हेकुईसारखी सुरू होते ती. सिनेमातला एकही संवाद कुणाला आठवत नव्हता. ती हाक मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसली होती. पंचेचाळीस वर्षं झाली, माझ्या डोक्यातून ती अजून निघालेली नाही.

संगीतकाराचं नाव एन्निओ मोरिकोने. रोमचा माणूस, जन्म 1928, वडील ट्रम्पेटवादक. हाही ट्रम्पेट शिकला आणि सांता चेचिलिया या संगीतविद्यालयात रीतसर रचनाशास्त्र शिकला. पण पोटासाठी तो रेकॉर्ड कंपनीत दुसऱ्यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करायचा. दिग्दर्शक सर्जिओ लिओनी हा त्याचा प्राथमिक शाळेतला वर्गमित्र. 1964 मध्ये लिओनीने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला तेव्हा पैसा बेताचा होता. मोठा वाद्यवृंद परवडणारा नव्हता. मोरिकोनेने एका अमेरिकन लोकगीताचं संयोजन आधी केलेलं होतं. त्यातला गायक काढून टाकला, आणि खाली जे उरलं त्यावर शीळ चढवली. चाबकाचा फटका, घंटा, इलेक्ट्रिक गिटार आणि एक शीळ. झालं शीर्षकसंगीत.

ही शीळ घालणारा अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी. गिटारही त्याचीच, आणि मागे कोरस गाणाऱ्या चमूचा प्रमुखही तोच. श्रेयनामावलीत मात्र मोरिकोनेचंही खरं नाव नव्हतं. 'डॅन सॅव्हिओ' असं अमेरिकन वाटणारं खोटं नाव लावलं होतं, म्हणजे प्रेक्षकाला सिनेमा अमेरिकेचा वाटावा!

आता मुद्द्याकडे येतो. हे संगीत धरून का ठेवतं? माझ्या मते मोठं कारण म्हणजे त्यात जागा आहे. त्या काळी इटलीत आवाज नंतर स्टुडिओत भरायचे, संवादही नंतर डब व्हायचे. त्यामुळे पडदा आधी मुका असे, आणि त्या शांततेत काय घालायचं ते ठरवायला वाव असे. एक वाद्य, मग थांबणं, मग दुसरं. आपल्याकडे मैफलीत चांगला गवई षड्ज लावून थांबतो ना, तसं. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968) च्या वेळी तर उलटंच केलं. संगीत आधी ध्वनिमुद्रित केलं, आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवून नटांना चालायला लावलं.

दुसरी गोष्ट शब्दाविना आवाजाची. एड्डा देल्लोर्सो ही गायिका मोरिकोनेच्या कित्येक रचनांत नुसती 'आ'कारात गाते. युरोपात ते नवल वाटलं असेल. आलाप आणि तराणे ऐकत वाढलेल्या आपल्याला त्याचं काय नवल? इटालियनचा एक शब्द न येता मी ते संगीत सहज ऐकू शकलो, त्याचं कारण हेच असावं.

याच मंडळींचं दुसरं अंग म्हणजे लाउंज. पिएरो पिच्चोनी, अर्मांदो त्रोवायोली, पिएरो उमिलियानी. मऊ ड्रम, ऑर्गन, ब्राझीलचा बोसानोव्हाचा ठेका. उमिलियानीचं 'मा ना मा ना' स्वीडनवरच्या 1968 च्या एका भडक चित्रपटातलं. तो चित्रपट आज कोण बघतो? धून मात्र लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांतून जगभर गेली. आणि 'मोंदो काने' (1962) मधली 'मोर' ही धून तर मी स्वतः वर्षानुवर्षं ऐकली, आमच्या मेसमध्ये! डिनर नाइटला बँड बाहेर व्हरांड्यात वाजवायचा. आत काटे-चमचे आणि गप्पा. ती धून इटलीची, रिझ ऑर्तोलानी आणि निनो ओलिव्हिएरो यांची, हे मला निवृत्तीनंतर कळलं. पचमढीला शिकून आलेला एक हवालदार क्लॅरिनेटवर ती फार सुंदर काढायचा. तीन वर्षं ऐकली. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

इथे मला आपल्या सिनेमाकडे वळायचं आहे, कारण असे व्हरांड्यातले वादक आपल्याकडेही ढिगाने होते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून सिनेमात गेली. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. 'अलबेला' (1951) मध्ये त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसूझा फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे, पुढे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचे संयोजक झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालजींचे गुरू. त्यांचं नाव देशाला माहीत आहे, पण 1977 च्या एका विनोदी गाण्यामुळे. तो खरा माणूस होता, हे किती जणांना ठाऊक असतं?

आणि 'शोले' (1975). त्यावर लिओनीची छाप आहे, हे उघडच आहे. पण संध्याकाळी जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा एकेक दिवा मालवत जाते, तो प्रसंग आठवा. एकच वाद्य, आणि भरपूर जागा. मोरिकोनेचा माउथ ऑर्गन सुडाचा आहे, पंचमदांचा न बोललेल्या प्रेमाचा. वाजवणारे होते भानू गुप्ता. पडद्यावर ओठ अमिताभचे.

फरक पुढे पडला. इटलीत सिनेमाचं पार्श्वसंगीत स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून निघायचं. म्हणून 1990 च्या दशकात मिलानच्या 'ईझी टेम्पो' मालिकेसारख्या लोकांना ते पुन्हा काढता आलं, नव्या पोरांना ते आवडलं, आणि म्हातारपणी त्या वादकांचे सत्कार झाले. आपल्याकडे रेकॉर्डवर गाणी. 'शोले'ची तर संवादांची रेकॉर्ड निघाली आणि ती तुफान खपली! पार्श्वसंगीत राहिलं फिल्मच्या पट्टीवर, घोड्यांच्या टापांखाली. कल्याणजी-आनंदजींचं सत्तरच्या दशकातलं पार्श्वसंगीत 1999 मध्ये एका अमेरिकन निर्मात्याने 'बॉम्बे द हार्ड वे' नावाने काढलं, तेही वर नवे ड्रम चढवून आणि तुकड्यांना गमतीची नावं देऊन. मला ते ऐकवत नाही. पण ते संगीत ऐकण्यासारखं आहे, हे तिकडच्या माणसाला आधी सुचलं, हे कबूल करायला हवं.

त्यातल्या त्यात पुण्याचे इनॉक डॅनियल्स सुदैवी. सिनेमाच्या धुना त्यांनी अकॉर्डियनवर वाजवल्या आणि त्या रेकॉर्डींवर त्यांचंच नाव होतं. आमच्या पिढीच्या घरांतलं लाउंज म्हणजे त्याच रेकॉर्डी, फक्त तो शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता.

मध्यंतरी जामा मशिदीजवळच्या मीना बाजारात जुन्या रेकॉर्डी चाळत बसलो होतो. 'शोले'चं पार्श्वसंगीत मिळेल का, म्हणून विचारलं. दुकानदार हसला. म्हणाला, "साहब, वो तो फिल्म के अंदर ही है." आणि संवादांची रेकॉर्ड पुढे केली. घेतली मी.

आता तुम्ही एक करा. 'शोले' लावा, तो दिव्यांचा प्रसंग काढा आणि डोळे मिटून ऐका. मग लगेच 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चा माउथ ऑर्गन ऐका. याच क्रमाने, उलटा नको. पुढच्या भागात सेबॅस्टियन डिसूझांचं लाहोर.