व्यायामावरच्या संशोधनात आपण दिव्यांगही हवेत!

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत. कुणाला काय त्रास होता, काय उपचार केले, हे त्यांत लिहिलेलं आहे. त्या रुग्णांची संमती कशी घेतली असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आज संशोधनासाठी संमती कशी घ्यायची, याचं उत्तर कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ६ जरूर वाचा. तुम्हाला समजेल अशा माध्यमातून माहिती देऊन, तुमची मोकळी संमती घेतल्याशिवाय तुमच्यावर संशोधन करता येत नाही. शिवाय यासाठी सरकारने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी लागते. त्या समितीत किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा दिव्यांगांसाठीच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात.

मग व्यायामावरच्या संशोधनात सहभागी का व्हायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पहिल्यांदाच दिव्यांगांसाठी व्यायामाच्या शिफारशी दिल्या. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पण त्यांमागचा बराच पुरावा इतर लोकांच्या अभ्यासांवरून आपल्याला लागू केलेला आहे. व्हीलचेअरवरच्या, कुबड्या घेणाऱ्या, न दिसणाऱ्या माणसांचे आकडे आपणच देऊ शकतो, दुसरं कोण देणार?

‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या संकेतस्थळावर चालू अभ्यास मोफत शोधता येतात. तिथे सहभागाचे निकष आणि संपर्काचे तपशील असतात. फोन केलात की विचारा: रॅम्प आहे का? सोबत्याचा प्रवासखर्च मिळेल का? इजा झाली तर उपचार कोण करणार? आणि मध्येच थांबायचा हक्क तुमचा आहे, त्याने तुमचे नेहमीचे उपचार अडता कामा नयेत.