दक्षिणा अडते कोठे?
परदेशस्थ रुग्ण, शुल्काचा भरणा आणि आपली चिकित्सा

घोडबंदर हे एकेकाळचे बंदर. अरबस्तानातून आणलेले घोडे येथे उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. त्या काळी व्यापाऱ्यांची दूरदेशीची देणीघेणी हुंडीवर चालत. आज त्याच घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत गृहसंकुलांच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांतील कित्येक घरांतील मुले, सुना, जावई परदेशी आहेत. आई-वडील सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असतात. साहजिकच आमच्यासारख्या येथील वैद्याची रुग्णसूचीही सातासमुद्रापार पसरली आहे. रुग्णाशी बोलणे क्षणात होते, अहवाल क्षणात दिसतात; मात्र पंधराशे रुपयांचे शुल्क पोहोचण्यास कधी पंधरवडा लागतो, कधी ते पोहोचतच नाही.

हा विषय चिकित्सेचा नाही, हिशेबाचा आहे, असे आम्हासही पूर्वी वाटत असे. एका रुग्णेने आमचा हा समज दूर केला.

एक अनुभव

कासारवडवलीच्या साठी ओलांडलेल्या एक काकू आमच्याकडे आमवातासाठी येत. लंघन, दीपन-पाचन, एरंडस्नेह, पुढे सिंहनाद गुग्गुळ आणि काटेकोर पथ्य या क्रमाने चार महिन्यांत सकाळची जखडण बरीच उतरली होती. याच सुमारास त्या मुलीकडे कुवेतला गेल्या. तीन महिन्यांची औषधे सोबत दिली आणि दर पंधरा दिवसांनी फोनवर बोलायचे ठरले.

पहिल्या सल्ल्यानंतर शुल्क पाठविण्याचा प्रयत्न झाला. काकूंचे यूपीआय ज्या मोबाइल क्रमांकावर होते तो रिचार्जअभावी बंद पडला होता. मुलीच्या कुवेती क्रमांकावर यूपीआय सुरू होईना. जावयाचे कार्ड आमच्या पेमेंट-लिंकवर तीनदा नाकारले गेले. आम्ही "राहू द्या, नंतर पाहू" असे म्हणालो आणि विसरलो. काकू मात्र विसरल्या नाहीत. त्यांचा पुढचा फोन आलाच नाही.

अडीच महिन्यांनी त्या परतल्या तेव्हा दोन्ही मनगटे सुजलेली होती, चहाचा कप धरवत नव्हता. दुखणे वाढू लागले तेव्हा त्यांनी गुग्गुळाची मात्रा स्वतःच दुप्पट केली होती. त्यामुळे छातीत जळजळ सुरू झाली, म्हणून सर्वच औषध बंद केले होते. "फोन का केला नाहीत?" असे विचारताच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आधीचेच पैसे पोहोचले नव्हते. मग पुन्हा कोणत्या तोंडाने विचारायचे?"

वाग्भटांनी रोग्याच्या गुणांत 'आढ्य' हा गुण गणला आहे. काकू आढ्य होत्या, वैद्याच्या आज्ञेत राहणाऱ्या होत्या. पाद ढळला तो पैशाच्या अभावी नव्हे, पैशाला वाट नसल्यामुळे.

अडथळा कोठे होता?

या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक अडथळ्याचा स्वतंत्र शोध घेतला. व्यवसायबंधूंच्या उपयोगासाठी तो येथे मांडतो.

यूपीआयविषयी बराच गैरसमज आहे. जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने अनिवासी भारतीयांना एनआरई वा एनआरओ खात्याशी परदेशी मोबाइल क्रमांक जोडून यूपीआय वापरण्याची मुभा दिली. परंतु ती आरंभी दहाच देशांच्या क्रमांकांना होती. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन हे ते देश. कुवेत आणि बहारीन त्यांत नव्हते. जर्मनी, न्यूझीलंड, इस्रायल, मॉरिशसही नव्हते. म्हणजे मस्कतची मुलगी सहज पैसे पाठवू शकते आणि कुवेतची नाही, यात दोघींचाही दोष नाही. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झाले हे खरे. पण ती सोय मुख्यतः प्रवाशांनी दुकानात समोरासमोर पैसे देण्याची आहे. तेथील मराठी कुटुंबाने घरबसल्या ठाण्याच्या वैद्यास शुल्क पाठवावे, असा तिचा अर्थ नव्हे.

कार्डाच्या बाबतीत दोष आमचाच निघाला. आमचे गेटवे-खाते केवळ देशी कार्डांसाठी मंजूर होते. परदेशी कार्ड स्वीकारण्यास बहुधा वेगळा अर्ज, वेगळी कागदपत्रे लागतात, हे आम्हास ठाऊकच नव्हते. दोन वर्षे आम्ही रुग्णांना "तुमच्या बँकेत विचारा" असे सांगत होतो! अर्ज केल्यावर पहिल्यांदा तो फेटाळला गेला, कारण व्यवसायाच्या रकान्यात आम्ही 'सल्ला व औषधविक्री' असे लिहिले होते.

औषधालयधारकांनी हा मुद्दा विशेष ध्यानी घ्यावा. ग्राहक समोर नसताना औषधे विकणारे व्यापारी कार्ड-कंपन्यांच्या वर्गवारीत जोखमीचे गणले जातात. त्यात आयुर्वेदीय औषधांविषयी शंका अधिक. २००८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी आपल्या शासनाने १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक केली आहे. तो तपासणी-अहवाल गेटवे-चालकापुढे ठेवता आला पाहिजे. आम्ही सल्ला आणि औषध यांचे हिशेब वेगळे केले आणि अर्ज केवळ सल्ल्यापुरता केला, तेव्हा तो मंजूर झाला.

नियमांची वाटचाल

पेपालचा अनुभव अनेकांच्या स्मरणात असेल. फेब्रुवारी २०१० मध्ये त्या कंपनीने भारतातील व्यक्तिगत देवघेव अकस्मात थांबविली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने अशा ऑनलाइन मार्गाने येणाऱ्या निर्यात-रकमांसाठी नियम केले. आरंभीची मर्यादा प्रत्येक व्यवहारास ५०० डॉलर होती. ती २०११ मध्ये ३,००० आणि २०१३ मध्ये १०,००० डॉलर झाली. १ एप्रिल २०२१ पासून पेपालने भारतांतर्गत भरणा बंद केला, परदेशातून येणाऱ्या व्यावसायिक रकमांचे काम चालू ठेवले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने सीमापार भरणा हाताळणाऱ्या संस्थांसाठी नवी चौकट आखली आणि वस्तू वा सेवेच्या प्रत्येक नगास २५ लाख रुपयांची मर्यादा ठरविली. तात्पर्य, आपल्या पंधराशे रुपयांना कायद्याची आडकाठी नाही. अडतो तो मार्ग निवडण्यातील आपला अज्ञानभाग.

काही देशांच्या बाबतीत मात्र वैद्य आणि रुग्ण दोघेही हतबल असतात. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील कामकाज थांबविल्यापासून तेथील बँकांची त्यांची कार्डे रशियाबाहेर निरुपयोगी ठरली; पेपालनेही तेथील सेवा थांबविली. इराणच्या बँका २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून वगळल्या गेल्या. इराणी केशर वापरणाऱ्या औषधालयांना ही झळ आयातदारांकडून मिळणाऱ्या भावात लागते. वैद्यास मात्र समोरचा माणूस दिसतो, आणि त्याचा मार्ग बंद असतो.

एक सावधगिरी

मार्ग सापडत नाही म्हणून भलता मार्ग धरू नये. वेस्टर्न युनियनसारख्या तत्काळ धनप्रेषण सेवेने शुल्क मागविण्याची पद्धत आमच्या पाहण्यात आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ही योजना कुटुंबनिर्वाह आदी व्यक्तिगत रकमांसाठी आणि भारतात आलेल्या परदेशी पर्यटकांसाठी आहे; व्यापारविषयक रकमा तीत बसत नाहीत. 'मामांना पाठविले' असे लिहून वैद्याचे शुल्क मागविणे म्हणजे खोटी नोंद करणे होय. "तिकडे माझ्या ओळखीच्याला द्या, तो इथे रोख देईल" हा प्रकार तर हवालाच. थोड्या रकमेसाठी वैद्याने आपले नाव तेथे गुंतवू नये.

आम्ही ठेवलेली पद्धत

१. परदेशी जाणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर देश, मोबाइल क्रमांक आणि भरणा कोणत्या खात्यातून होणार, ही नोंद निघण्यापूर्वीच करतो. यूपीआयची देशसूची बदलत असते, म्हणून ती त्या वेळी बँकेकडून तपासून घेण्यास सांगतो.

२. भारतीय मोबाइल क्रमांक रिचार्ज करून जिवंत ठेवण्याची आठवण औषधांच्या यादीखालीच लिहितो. ओटीपी त्यावरच येतो.

३. अनिवासी रुग्णाचे एनआरओ वा एनआरई खाते असेल तर नेट-बँकिंगने रुपयांत शुल्क देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. भारतातील देणी या खात्यांतून देता येतात.

४. अन्य मार्ग नसेल तर स्विफ्टने बँक-हस्तांतरण. मधल्या बँका आकार कापतात. पाठविणाऱ्याने 'अवर' हा पर्याय निवडल्यास तो आकार त्याच्याकडून घेतला जातो. लहान रकमेस हा मार्ग परवडत नाही, म्हणून तीन महिन्यांचे शुल्क एकत्र घेतो.

५. रक्कम येताच बँकेस हेतू-संकेतांक, म्हणजे पर्पज कोड, खरा कळवितो आणि रक्कम परदेशातून आल्याची लेखी सूचना जपून ठेवतो. करविषयक बाबी सनदी लेखापालावर सोपवितो.

६. रुग्ण ज्या देशात आहे तेथील औषध-आयातीचे आणि चिकित्सेचे नियम वेगळे असतात. त्यांची चौकशी झाल्याविना औषध टपालाने पाठवीत नाही.

आणि सातवी गोष्ट, जी खरे तर पहिली असावयास हवी होती. प्रत्येक परदेशगामी रुग्णास आम्ही आता स्वतःहून सांगतो, "पैसे अडले तर अडू देत, फोन अडवू नका. ठाण्यास आलात की हिशेब करू." हे वाक्य त्यांच्या कागदावर लिहूनही देतो, कारण तोंडी आश्वासन भिडस्त माणसास पुरत नाही.

काकूंची चिकित्सा पुन्हा लंघनापासून सुरू करावी लागली. पूर्वीच्या स्थितीस येण्यास सहा महिने गेले. सध्या त्या परत कुवेतमध्ये आहेत. मुलीने आपल्या एनआरओ खात्याचे नेट-बँकिंग सुरू करून घेतले आहे आणि दर पंधरवड्यास फोन येतो. मागील खेपेचे शुल्क अद्याप आलेले नाही. फोन मात्र ठरल्या दिवशी आला.

आपल्या परिसरातील, विशेषतः कल्याण-डोंबिवलीच्या वैद्यबंधू-भगिनींचे आणि औषधालयधारकांचे या बाबतीतील अनुभव संघटनेकडे आले, तर देशनिहाय मार्गांचा एक लहानसा तक्ता करून तो दर तिमाहीस सुधारता येईल. आमच्या नोंदी त्यासाठी आम्ही आनंदाने देऊ.