असं का होतं? : तोंड वर, जोर मागे

गाळप हंगामात ढोकीच्या रस्त्यावर उसाने लादलेला ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचं तोंड उचलायला बघतं. जुन्या प्रीमियर पद्मिनीची घरच्या घरी ड्रॅग रेसर करायची, तर हीच खोड कामाला येते. शर्यत सरळसोट, साधारण 402 मीटरची; लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा झाल्या आहेत. बुलेट झटक्यात सुटली की मागे बसलेला मागे कलतो ना? तसाच गाडीचा भार मागच्या चाकांवर जातो, आणि दाबलेला टायर रस्ता घट्ट धरतो. पद्मिनीचं इंजिन मागचीच चाकं फिरवतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची फिरतात. सुटताना नेमकी तीच हलकी होऊन जागच्या जागी गरगरतात. हौस असेल तर इंजिनाआधी ब्रेक सुधारा, आणि प्रयोग ढोकीच्या रस्त्यावर नको!